अस्तरातला ळ

जबलपूरच्या बाजारात मटर उतरला की माझे डोळे दुखायला लागतात. डॉक्टरला हे सांगण्यात अर्थ नाही. तो टॉर्च मारून बघेल, थेंब लिहून देईल आणि मटराचा नि डोळ्यांचा काय संबंध, असं तोंड करेल. संबंध आहे, पण तो सांगायचा तर एक अख्खा हिवाळा सांगावा लागेल.

आज सकाळीच राइट टाउनच्या आमच्या गल्लीत पहिला हातठेला आला. 'मटर ले लो, मीठी मटर' अशी आरोळी ऐकून आमचे हे चपला शोधायला लागले. हे रेल्वेतून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेंगा सोलणं हे निवृत्त माणसाचं राखीव खातं आहे, असं ते समजतात. पाच किलो घेऊन आले. गच्चीवर उन्हात सतरंजी टाकली, परात मांडली आणि मला हाक मारली. मटार म्हणायचं ते पुण्याच्या लोकांनी. आम्ही इथं राहून राहून मटरच म्हणतो, आणि शेंगेतला पहिला दाणा तोंडात टाकल्याशिवाय दुसरी शेंग उचलत नाही. अंगठ्याखाली शेंग उकलली, तो बारीक आवाज झाला, आणि डोळ्यांमागे जुनी कळ उठली.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

ह्यांना सगळं माहीत आहे. पण इतक्या वर्षांच्या संसारात 'ऊन लागलं' म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं, एवढं ते शिकले आहेत.

त्या हिवाळ्यात मी शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. जन्मभर मराठी शिकवलं, तेही जबलपुरात. म्हणजे नदीच्या पात्रात रांगोळी काढण्यातला प्रकार. मुलांच्या घरी आजी मराठी बोलायची, आई अर्धं बोलायची, आणि मूल हिंदीत उत्तर द्यायचं. ळ कुणाला यायचा नाही. शाळेला 'शाला', फळ्याला 'फल्या' आणि बाळूला 'बालू'. मी प्रत्येकाला जीभ उलटी वळवून टाळूला लावायला सांगायची. एखाद्याचा ळ नीट निघाला की मला दिवाळी झाल्यासारखं वाटायचं, आणि नाही निघाला की पट्टीही निघायची. खोटं कशाला बोलू.

माझे वडील नोकरीला नागपूरहून इथं आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. मग छप्पन साली रेषा ओढल्या गेल्या. वडील म्हणायचे, "मी नागपूर सोडलं नाही, पोरी. नागपूरच मला सोडून गेलं." त्यांनी हिंदीतून कचेरी केली, हिंदीतून भांडणं केली, पण सही शेवटपर्यंत मराठीत केली. आमच्या आडनावात ळ आहे. तो त्यांनी कुठल्या कारकुनाला खाऊ दिला नाही, आणि तेच वेड माझ्यात उतरलं.

तर ठोंबरेजी आले. हे आमच्या मराठी वाचनालयाचे सचिव. स्कूटर फाटकाशी लावून, हेल्मेट काखेत घेऊन ते सोफ्याच्या कडेवर बसले, आणि काम काढणाऱ्या माणसाचा आवाज लावून म्हणाले, "बाई, तुमच्याशिवाय कोणी नाही."

या वाक्याला मी आयुष्यात किती वेळा फसले, त्याची गणती नाही.

वाचनालयाचे जुने छापील वार्षिक अहवाल त्यांनी एका दुकानातून स्कॅन करून आणले होते. कागद इतका पिवळा की पान उलटताना कोपरा हातात यायचा. वाळवी लागण्याआधी सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, असं ठरलं होतं. दुकानदाराने नुसते फोटो काढून दिले नव्हते, तर त्या फोटोंखाली यंत्राने वाचलेला मजकूरही घालून दिला होता. तो डोळ्यांना दिसत नाही. वर दिसतं ते पान जसंच्या तसं, शाईच्या डागांसकट. पण आपण एखादं नाव शोधायला टाकलं, तर यंत्र त्या पानाकडे बघत नाही. ते खालचा लपलेला मजकूर चाळतं. तो चुकला असेल तर पानावर ठळक छापलेलं नावही सापडत नाही. माझं काम ते खालचं दुरुस्त करायचं.

मी त्याला अस्तर म्हणायला लागले. ब्लाउजला वरून कितीही चांगलं कापड असो, अस्तर आखडलं की सगळा ब्लाउज ओढतो, आणि बघणाऱ्याला कळत नाही कुठे बिघडलंय. आमचे हे संध्याकाळी विचारायचे, "झालं का शिवून आजचं अस्तर?"

लॅपटॉपवर डावीकडे पानाचं चित्र, उजवीकडे यंत्राने वाचलेला मजकूर. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, आणि चूक दिसली की दुरुस्त करायची. पहिले आठ-दहा दिवस मला मजा वाटली. यंत्राला ध आणि घ यांतला फरक कळत नव्हता, त्यामुळे गंगाधरपंतांचे गंगाघरपंत झाले होते. 'सभा' कधी 'समा' व्हायची, आणि अध्यक्षांचं 'माषण' टाळ्यांच्या गजरात पार पडायचं. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' यातल्या वऱ्हाडाची तर रोज नवी चिरफाड. सगळ्यात गंमत 'कै.' ची. मात्रा एकच दिसली की त्याचं 'के.' व्हायचं. आमचे सगळे कैलासवासी संस्थापक एका फटक्यात जिवंत होऊन दक्षिणेकडचे कुणी के. गोपालराव, के. विष्णुपंत होऊन बसले. मी हसून हसून ह्यांना वाचून दाखवायची.

मग हसू ओसरलं. कारण गोपाळरावांचा 'गोपालराव' एका पानावर नव्हता, तो सगळीकडे होता. काळे तिथे काले, साळवे तिथे सालवे, मंडळ तिथे मंडल, सकाळ तिथे सकाल. संपूर्ण फाइलमध्ये एकही ळ नव्हता. मी दुकानात फोन केला. दुकानदाराने मजकूर वाचायला यंत्राला दिलं तेव्हा भाषा हिंदी निवडली होती, आणि हिंदीला ळ ठाऊकच नाही.

"भैया, मराठी लगाना था ना," मी म्हटलं.

"मैडम, देवनागरी तो देवनागरी है," तो शांतपणे म्हणाला. "थोड़ा-बहुत आप देख लीजिएगा."

त्या 'थोड़ा-बहुत'वर माझं नाव लिहिलेलं होतं. पुन्हा पहिल्यापासून करून घ्या, असं मी ठोंबरेजींना सुचवलं. ते म्हणाले, "बाई, आता कुठं पुन्हा! एवढं तर तुम्ही केलंच." म्हणजे जे मी केलं होतं तेच माझ्या गळ्यात धोंड होऊन बसलं.

डिसेंबरच्या शेवटी जबलपुरात धुकं उतरतं, ते दहा-साडेदहापर्यंत हलत नाही. मी शाल गुंडाळून खिडकीशी बसायची. खालून मटरवाला ओरडत जायचा. स्वयंपाकघरात परात भरून शेंगा पडलेल्या असायच्या, कारण त्या दिवसांत कुणाच्याही घरी जा, मटरच: मटर-पोहे, मटर-भात, मटराच्या करंज्या. डोळ्यांतून पाणी गळायचं. पानावर 'ळ' बघायचा, अस्तरातला 'ल' खोडायचा, 'ळ' घालायचा. पुन्हा. पुन्हा. मान अशी आखडायची की वळून बघायचं तर अख्खं धड वळवावं लागे. हे दारात येऊन म्हणायचे, "काहून डोळे फोडून राहिली तू? कोण पाहणार आहे ते?"

खरं होतं. कुणीच पाहणार नव्हतं. अस्तर कुणी पाहत नाही. रात्रंदिवस राबून शेवटी पान दिसणार ते आधी होतं तसंच. मी या थकव्याचं कौतुक सांगत नाही. त्यात काही थोर नव्हतं. तो भांडी घासण्याचा थकवा होता, ज्यात शेवटी भांडी फक्त पहिल्यासारखी होतात.

आणि एका दुपारी मी ते बटण दाबलं.

त्या प्रोग्राममध्ये एक सोय होती. एक शब्द द्यायचा, त्याच्या जागी दुसरा द्यायचा, आणि 'सगळीकडे बदला' म्हणायचं. मी काले देऊन काळे घेतलं. सालवे देऊन साळवे. गोपाल देऊन गोपाळ. इंगले देऊन इंगळे. मंडल देऊन मंडळ. क्षणात हजारो ठिकाणी ळ उमटला. मला काय वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं एकेका पोराच्या जिभेवर जो बसवता बसवता मी म्हातारी झाले, तो एका बोटाने सगळ्या जबलपूरच्या तोंडात बसला.

गंमत म्हणजे यंत्राने मला लगेच इशारा दिला होता. पुढल्याच पानावर 'मंडळा जिल्ह्यातील पाहुणे' असं दिसलं. शेजारच्या मंडला गावाचाही मी मंडळा करून टाकला होता! मी हसले, मंडला तेवढा परत नीट केला, आणि चूक संपली असं समजून पुढे गेले. डावीकडच्या चित्राकडे बघणं हळूहळू कमी झालं. अहवालाची ती पहिली दहा-बारा वर्षं मी अशीच उरकली, आणि तेवढी फाइल ठोंबरेजींना पाठवून दिली. त्यांनी ती सभासदांना फोनवर वाटली, कौतुकाने.

जानेवारीतल्या एका गुरुवारी ते दोघं आले. मी पुढच्या व्हरांड्यात उन्हाला बसून शेंगा सोलत होते. साठी ओलांडलेले एक गृहस्थ, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि मागे बावीस-तेवीस वर्षांची मुलगी.

"नमस्ते मॅडमजी. ठोंबरेजींनं पाठवलं. मी प्रल्हाद इंगले, महाराजपूरहून आलो. ही माझी पोरगी, ज्योती."

"इंगळे?" मी म्हटलं. ळ वर अंमळ जोर दिला, सवयीने.

"हो जी, इंगले," ते म्हणाले.

ज्योतीची सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून निवड झाली होती. राखीव जागेवर. त्यासाठी जातीचा दाखला लागणार, आणि दाखल्यासाठी पन्नास सालाआधी कुटुंब याच भागात राहत होतं याचा पुरावा. विदर्भातून आलेल्या कितीतरी घरांचं इथंच घोडं अडतं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं राबली, पण कागद नाही.

"आता कागद कुठून आनाव जी?" प्रल्हादजी म्हणाले. "बाबा फॅक्टरीत मजूर. भाड्याच्या खोलीत जिंदगी गेली. ना जमीन, ना शाळेचा दाखला. तहसीलीतले बाबू म्हणाले, काही छापील असंन जुनं, नाव-गाव असलेलं, तर आना. तेवढ्यावर तात्पुरता दाखला देऊ."

"मंडे को वेरिफिकेशन है, आंटी," ज्योती म्हणाली. तिला मराठी सगळं समजत होतं, बोलायची मात्र हिंदी. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकांसारखी. "उस दिन सर्टिफिकेट नहीं दिखाया तो सीट वेटिंग वाले को चली जाएगी."

"फाइल मिळाली ना तुम्हाला? त्यात शोधलंत?"

"ढूँढा, आंटी. फोन पे. दादाजी का पूरा नाम डाला, मोतीराम इंगले. फिर सिर्फ इंगले डाला. कुछ नहीं आया."

माझ्या मांडीवर सुपात दाणे होते. डोळे चुरचुरत होते. त्या आठवड्यात मी सकाळ-दुपार अहवालच बघत होते, आणि अहवाल या शब्दाचाही मला वीट आला होता. उठून आत जायचं, लॅपटॉप उघडायचा, तो सुरू व्हायची वाट बघायची, या नुसत्या कल्पनेने अंग जड झालं.

"मग नाही," मी म्हणाले. "असतं तर आलं असतं. अक्षर न् अक्षर तपासलंय मी."

ज्योतीने वडिलांकडे बघितलं. प्रल्हादजी म्हणाले, "अच्छा." मग पिशवी उचलली. फाटकापाशी थांबून, बहुतेक नुसतं बोलायचं म्हणून बोलले, "बाबा सांगत जात, या वाचनालयात सायंकाळचा वर्ग भरे मोठ्या माणसांचा. तिथंच म्हणे मी अंगठा सोडला अन् सही शिकलो. म्हणून वाटलं, असंन कुठं नाव." मी मान डोलावली. त्यांनी हात जोडले आणि स्कूटर सुरू केली.

थकव्याला आपण फार सौम्य समजतो. थकलेला माणूस गरीब बिचारा, त्याला पाणी द्या, त्याला पडू द्या. पण थकवा माणसाच्या तोंडात 'नाही' फार लवकर आणतो, आणि ते 'नाही' अनुभवाचं बोलणं आहे असं समोरच्याला वाटतं. मी चिडून बोलले असते तर त्यांनी कदाचित वाद घातला असता. मी शांतपणे, बाईंच्या आवाजात बोलले. त्या आवाजापुढे माणसं वाद घालत नाहीत, मी तो आवाज कमावलेलाच आहे तेवढ्यासाठी.

सायंकाळचा वर्ग हे शब्द माझ्या कानात राहिले होते. शुक्रवारी आठवले. शनिवारी नणंद आली, दोघींनी मिळून करंज्या केल्या, तेव्हाही आठवले. रविवारी मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "त्या वर्गाची एक यादी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते." हे म्हणाले, "मग पाह्य ना." मी म्हटलं, उद्या. उद्याचा सोमवार झाला. सोमवारी डोळ्यांत थेंब घालून मी दिवसभर पडून होते.

बुधवारी लॅपटॉप उघडला तो दुसऱ्याच कामासाठी. पण हात त्या जुन्या अहवालाकडे गेला. शोधायला काही टाकलं नाही, नुसती पानं उलटत गेले, डावीकडची, चित्रांची. शेवटून तिसऱ्या पानावर 'प्रौढ साक्षरता वर्ग : उत्तीर्ण' असा मथळा होता. त्याखाली चौदा नावं. नववं नाव 'मोतिराम इंगले, मदनमहल', म्हणजे जबलपुरातलीच वस्ती. मुखपृष्ठावरचं साल पन्नासच्या चांगलं आधीचं.

पानावर ल होता. स्वच्छ, शाई न फुटलेला ल. यंत्राने फाइलभर ळ चे ल केले, पण इथे त्याने जे होतं तेच वाचलं होतं. अख्ख्या अहवालात जिथे ते बरोबर होतं, नेमकं तिथे मी त्याला दुरुस्त केलं होतं. मी ती ओळ अस्तरातून बाहेर काढून बघितली. 'मोतीराम इंगळे.' 'ति'सुद्धा दीर्घ केलेली. म्हणजे बटणाने फक्त ळ घातला. दीर्घ 'ती' मात्र मी हाताने केली होती. म्हणजे हे पान मी पाहिलं होतं. या माणसाच्या नावावरून माझी नजर गेली होती, थांबली होती, आणि ऱ्हस्व चुकला म्हणून बाईंनी तो नीट करून पुढची ओळ घेतली होती.

यंत्राला तसंच सोडलं असतं तर ज्योतीच्या फोनवर त्या दिवशी आजोबा आले असते. तिच्या सगळ्या कागदांवर इंगले आहे, तिने तेच टाकलं. नुसतं 'मोतीराम' टाकून बघ, हे तिला सुचलं नाही. ते सुचवायचं काम माझं होतं.

यादीच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ होती. ती मी पहिल्या वेळी वाचली नसणार, किंवा वाचून काही वाटलं नसणार. 'सदर नावे विद्यार्थ्यांनी स्वहस्ते लिहून दिल्याप्रमाणे छापली आहेत.' म्हणजे त्या वर्गाच्या मास्तरांना ळ ठाऊक नव्हता असं नाही. त्यांनी तो घातला नाही. चौदा मजुरांनी पहिल्यांदा आपापलं नाव लिहिलं, आणि त्यांनी ते तसंच छापखान्यात पाठवलं. कुठे पांडूरंग, कुठे सूखदेव, कुठे मोतिराम. मी सगळ्यांना पास-नापास न विचारता दुरुस्त करून टाकलं होतं. मला माझ्या पट्टीची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

पुढे ते सगळे ळ मी एकेक करून उलटे तपासले, प्रत्येक ठिकाणी चित्र बघून. फाल्गुन संपला त्यात. त्या पानाचा उपयोग झाला, दाखला निघाला, तो दोन वर्षांनी ज्योतीच्या धाकट्या भावाच्या कामी आला. ज्योती एका खासगी शाळेत शिकवते असं कानावर आहे. ती सरकारी जागा त्या सोमवारीच गेली होती. हे मला नंतर कळलं असं मी म्हणू शकत नाही. बुधवारी पान सापडलं तेव्हाच मला वार मोजता येत होते.

पान सापडल्यावर लगेच ठोंबरेजींना फोन करून महाराजपूरचा पत्ता घेतला. काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही काहून मनाला लावून घेता? मशीनची गलती होती म्हणून सांगून टाका. होतेच मशीनची गलती."

ऑटोत बसले. अधारतालच्या पुढे रस्ता खडबडीत होता. मांडीवर छापून घेतलेलं पान, मुखपृष्ठासकट, प्लास्टिकच्या कव्हरात. ते वाक्य मी तोंडात घोळवत होते. मशीन की गलती थी. हिंदीत ते आणखी सोपं वाटत होतं.

प्रल्हादजींचं घर दोन खोल्यांचं, पुढे छोटं अंगण. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी पान हातात दिलं. चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला. मग त्यांनी प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवत वाचलं, आणि खालची बारीक ओळ दोनदा वाचली.

"म्हंजे हे बाबानं लिवलं," ते म्हणाले. "मास्तरनं नाही. बाबानं."

"हो."

"बाबानं आपलं नाव पहिल्यांदा पाह्यलं ते फॅक्टरीच्या पासावर. तिथं बाबूनं इंगले लिवलं होतं. तेच घोटलं असंन मग." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तर मराठीच्या मॅडम. हे बरोबर आहे ना जी, असं लिवलं तर?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यांचे डोळे भरले. शेजारी राहणाऱ्या जुन्या सोबत्याला दाखवून येतो म्हणत ते पान घेऊन, चपला न घालताच बाहेर पडले. सोमवारबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. भिंतीपलीकडून त्यांचा मोठ्याने वाचल्याचा आवाज आला. 'मोतिराम इंगले, मदनमहल.'

ज्योती दारात उभी होती. तिने फोन काढला, ठोंबरेजींनी पाठवलेली तीच फाइल उघडली, काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. 'इंगले'. खाली, काही सापडलं नाही.

"अभी भी नहीं आ रहा, आंटी. पेपर पे है, तो इसमें क्यों नहीं है?"

तिला खरंच कळत नव्हतं. ती मला प्रश्न विचारत होती, वर्गात विचारतात तसा. ऑटोत घोळवलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं.

"माझ्यामुळे नाही येत," मी म्हणाले. "तुझ्या आजोबांनी लिहिलेलं मी बदललं. मला ते चूक वाटलं. आणि तू आलीस तेव्हा मी न बघता नाही म्हटलं."

मी मराठीतच बोलले. तिला शब्द न् शब्द समजला, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बाहेर प्रल्हादजी ती बारीक ओळ सोबत्याला समजावून सांगत होते, स्वहस्ते म्हणजे आपल्या हातानं.

"पापा को मत बताइएगा," ज्योती म्हणाली. "आज वो खुश हैं."

मी नाही सांगितलं. ते परत आले, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणाले, आणि मी बसून तो सगळा चहा प्यायले.